बहाद्दरचा उजवा बूट

"आता तुला बूट घालून वाजवता येईल," असं म्हणून मास्तरांनी खोका कीबोर्डवर ठेवला, आणि खालचे चार-पाच सूर एकदम दाबले जाऊन रिकाम्या हॉलमध्ये भोंगा वाजला.

बहाद्दर ॲम्प्लिफायरवर बसून उजव्या पायातला मोजा काढत होता. वर न बघताच तो म्हणाला, "बूट न घालून मी कुणाचं घोडं मारलंय?"

"नाही मारलंस. पण उघडून तर बघ."

दुपारचे चार वाजले होते. हॉटेलच्या तळमजल्यावरचा हा जेवणाचा हॉल. एका बाजूला सगळी काच आणि काचेपलीकडे तळं. वेटर टेबलांवर कापडं अंथरत होते. शनिवार-रविवार संध्याकाळी सहा ते नऊ इथे पाच जणांचा बँड जुनी गाणी वाजवायचा, आणि जेवायला आलेली माणसं घास आणि गप्पा यांतून सवड मिळाली तर ऐकायची. एखाद-दुसरं जोडपं उठून नाचायचंही. मास्तर कीबोर्ड वाजवत आणि बँडही तेच चालवत. बहाद्दर इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. या हॉलमध्ये बारा वर्षं, आणि एकंदर अडतीस.

बहाद्दर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पूर्ण पदवी 'अंगठेबहाद्दर', आणि ती पूर्वीच्या एका ड्रमरने बहाल केलेली. वास्तविक गडी चांगला शिकलेला, सही लफ्फेदार करणारा. पण वाजवताना त्याचा अर्धा कारभार पायाच्या अंगठ्यावर चालायचा. गिटारची तार एरवी स्वच्छ वाजते, धुवून वाळत घातल्यासारखी. मध्ये ओव्हरड्राइव्हचं पेडल जोडलं की तिचा घसा भरून येतो. आवाज किंचित फाटतो, लांबतो, आणि कुणीतरी मनापासून काही सांगतंय असं वाटायला लागतं. बहाद्दरचं पेडल साबणाच्या डबीएवढं, रंग उडालेलं. त्यावर तीन नॉब. आवाज किती फाटावा, किती लख्ख असावा आणि किती मोठा असावा, हे ते तीन नॉब ठरवायचे. मधल्या नॉबला टोन म्हणतात. तो उजवीकडे फिरवला की आवाज लख्ख, धारदार होतो; डावीकडे फिरवला की मऊ पडतो. इतर गिटारवाले गाणं सुरू होण्याआधी वाकून हाताने नॉब लावतात आणि मग हात लावत नाहीत. बहाद्दर मात्र गाणं चालू असतानाच अंगठ्याने तो मधला नॉब फिरवत राहायचा. कडव्यात मऊ, धृपदात लख्ख, आणि सोलो आला की एकाच लांब सुरात हळूहळू उजेड वाढवत नेल्यासारखा. हे बुटातून जमणारं काम नव्हतं. म्हणून अडतीस वर्षं तो डाव्या पायात बूट आणि उजवा पाय अनवाणी अशा अवतारात उभा राहत आला होता. रिकामा उजवा बूट ॲम्प्लिफायरशेजारी ठेवलेला असायचा आणि त्याच्या तोंडात त्या दिवसाच्या गाण्यांची यादी खोचलेली असायची. नवीन वेटरांना हे बघून हसू यायचं. आठवडाभरात तेही अंगवळणी पडायचं.

त्याने खोका उघडला. आत एक काळं, चपटं यंत्र होतं. ओळीने सहा बटणं, वर मसुराच्या दाण्यांएवढे नॉब आणि एक छोटा पडदा.

"प्रोग्रॅम करायचं ओव्हरड्राइव्ह आहे," मास्तर म्हणाले. "गाण्यागणिक आवाज आधी लावून ठेवायचा, सेव्ह करायचा. पहिल्या गाण्याला पहिलं बटण, दुसऱ्याला दुसरं. पाय ठेवला की काम झालं. चाचपडायला नको."

"उद्या म्हणशील, गाणंही सेव्ह करून ठेव आणि घरी बस."

"पंधरा दिवसांच्या बोलीवर आणलंय. नाही पटलं तर परत. दुकानदाराशी बोललोय मी."

"मग आजच परत कर की. पंधरा दिवस कशाला त्याला डांबून ठेवतोस?"

बहाद्दरने साउंडवाल्याकडे बघून डोळा मारला. साउंडवाला म्हणजे हॉलच्या मागच्या टोकाला मिक्सरच्या टेबलावर बसून सगळ्यांचे आवाज सांभाळणारा चाळिशीचा माणूस. असली नवी यंत्रं म्हणजे त्याचा जीव की प्राण. एरवी एव्हाना त्याने अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. आज तो गुंडाळलेली केबल उलगडून पुन्हा गुंडाळत बसला होता.

मास्तरांनी बहाद्दरला काचेपाशी नेलं. तळ्याकडे तोंड करून ते म्हणाले, "मॅनेजरने बोलावलं होतं मला. या महिन्यात पुढच्या टेबलांवरच्या लोकांनी तीनदा जागा बदलून मागितली."

"एसी लागत असेल."

"गिटार कानात घुसते म्हणाले." मास्तर थांबले. "मॅनेजर म्हणतो, पुढच्या महिन्यापासून चौघांनीच या."

 अनवाणी पायाला फरशी गार लागत होती.

"अरे, मी भांडलो त्याच्याशी," मास्तर घाईने म्हणाले. "म्हटलं, दोन आठवडे दे. आवाज एकदा ठरवून टाकला की वर-खाली होणार नाही. तू मनावर घे फक्त."

म्हणजे दोष अंगठ्याचा, असं बहाद्दरने मनाशी ठरवलं. एकसष्ट वय झालं, अंगठ्याचा अंदाज चुकत असेल. त्याने पायाकडे पाहिलं. नॉब फिरवून फिरवून अंगठ्याच्या कडेला घट्टा पडला होता, तो तेवढा तरुण दिसत होता.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याने जुन्याच पेडलवर वाजवलं, अंगठा जपून. सोमवारी सकाळी नवं यंत्र घरी मांडलं.

त्याची बायको टेलिफोन एक्सचेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून माणसांना माणसांशी जोडून दिलं तिने. 'हॅलो' एवढ्यावरून समोरचा माणूस रडून बसलाय की जेवून, हे ती सांगायची. लग्नाआधी तिची ड्यूटी असली की बहाद्दर तालमीच्या खोलीतून एक्सचेंजला फोन लावायचा आणि तिनेच उचलला तर रिसिव्हर ॲम्प्लिफायरसमोर स्टुलावर ठेवून वाजवायचा. ती अर्धा मिनिट ऐकायची आणि वरिष्ठ बाई जवळ आल्या की प्लग उपटायची. एवढ्या भांडवलावर संसार उभा राहिला होता.

"अगं, माहितीपुस्तक बघ केवढंय," तो म्हणाला. "आपल्या लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड."

"वाचा मग. त्या अल्बममध्येही तुम्ही डोळे मिटलेलेच आहात."

त्याने वाचलं. चष्मा लावून, जमिनीवर मांडी ठोकून, वाकून वाकून त्याने पाच तऱ्हेच्या गाण्यांचे पाच आवाज लावले. प्रत्येक आवाज लावला की 'सेव्ह'चं बटण दाबायचं आणि यंत्र बीप करून पोच द्यायचं, असं पुस्तकात लिहिलं होतं. बहाद्दरने दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, पण बीप काही आली नाही. त्याने पुन्हा दाबलं. मग कान यंत्राला लावून दाबलं.

"नग खराब दिसतोय," तो ओरडला. "बीप येत नाही याची!"

 स्वयंपाकघरातून खिडकीची काच सरकवून बंद केल्याचा आवाज तेवढा आला. हल्ली तो गिटार घेऊन बसला की ती दारं-खिडक्या लावून घ्यायची. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, असं तो समजायचा.

शनिवारी त्याने नवं पेडल हॉलमध्ये नेलं. पाय अनवाणीच ठेवला, सवयीने. आणि जे व्हायचं ते पहिल्याच गाण्यात झालं. घरातल्या खोलीत हळू आवाजात लावलेलं सगळं हॉलमध्ये मोठं केल्यावर भलतंच झालं. खोलीत जो आवाज बेताचा वाटला होता तो इथे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा निघाला असावा. असावा म्हणायचं, कारण बहाद्दरला तो स्वतःला ठीकच वाटत होता, थोडा मिळमिळीतही. पण पुढच्या टेबलावरच्या बाईने हातातला चमचा खाली ठेवला आणि कानावर हात नेला. तो केस सावरायला नेला नव्हता हे बहाद्दरला दिसलं. त्याने अंगठा पुढे केला. मसुराएवढे नॉब, एकाला फिरवायला जावं तर दोन फिरत. तो खाली वाकला, चष्मा शोधला, नॉब धरला, तोवर गाणं संपलं. बँडची गायिका पुढच्या गाण्याची सुरुवात घेऊन थांबली होती, तिच्याकडे सगळा हॉल बघत होता आणि ती जमिनीवर बसलेल्या बहाद्दरकडे. त्याच्या गळ्यात गिटार लोंबत होती.

"काका," मध्यंतरात साउंडवाला म्हणाला, "घरी नका लावू. एक दिवस इथेच बसून लावू. मी मदत करतो."

बहाद्दरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अडतीस वर्षं माझा आवाज मीच लावलाय. तू तुझं टेबल सांभाळ."

तरी मंगळवारी दुपारी तो हॉलमध्ये गेलाच. साउंडवाला येऊन बसला होता. बहाद्दरने ॲम्प्लिफायर नेहमीसारखा मोठा केला आणि दोन तास खपून पाचही आवाज नव्याने लावले. टोन फिरवत फिरवत, ओठ मुडपून, मान कलती करून, जोवर आवाजाला हवी तशी धार येत नाही तोवर. साउंडवाला मध्येच म्हणाला, "काका, टोचत नाही ना?"

"टोचायलाच पाहिजे. नाहीतर तो ओव्हरड्राइव्ह कसला? त्यापेक्षा भजनं वाजवतो."

साउंडवाल्याने मान यंत्राकडे वळवली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सहावं बटण रिकामं आहे. त्यात मी एक आवाज टाकून ठेवू? घरी ऐका. नाही आवडला तर पुसून टाका."

"टाक बाबा. तुझीही हौस फिटू दे." बहाद्दर चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा साउंडवाला कानाला हेडफोन लावून, मोबाइलवर कसलंसं जुनं रेकॉर्डिंग ऐकत, यंत्रावर वाकला होता.

गुरुवारी बहाद्दरचा निर्णय झाला. पेडल परत. आपल्याला हे मानवणारं नाही. माणसाचा पाय थांबेल, वळेल, मागे येईल; यंत्र आपलं 'लावलं ते लावलं'. आणि मुख्य म्हणजे नग खराब, त्यामुळे दुकानदारालाही तोंड वर करून सांगता येईल. जुन्या पेडलवर जपून वाजवू, मॅनेजरच्या पाया पडू, काय व्हायचं ते होवो. त्याने खोका पुढे ओढला आणि चिठ्ठी लिहायला घेतली. बायकोने चहाचा कप ठेवता ठेवता खांद्यावरून वाचलं.

"काय वाजत नाही?"

"बीप. सेव्ह केल्यावर बीप यायला पाहिजे. दहा दिवस झाले, एकदा आली नाही."

ती सरळ उभी राहिली. "येते की."

"काहीतरी सांगू नकोस."

"अहो, येते. त्या पहिल्या सोमवारी सकाळपासून जेवणापर्यंत सतरा वेळा आली. मला वाटलं, आता काय भिंतीत उंदीर शिरला की काय."

"तू माझा पाय बघून बोलतेस."

ती वळून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बहाद्दरने बटण दाबलं.

"हं," ती म्हणाली.

त्याने थोडा वेळ जाऊ दिला. मग एकदम दाबलं.

"हं."

पायावर टॉवेल टाकून, श्वास रोखून, अंगठ्याने अलगद दाबलं.

"हं," ती म्हणाली. तिचा आवाज यावेळी जरा बारीक झाला होता. "पुरे ना आता."

बहाद्दरला राग आला. कुणाचा ते त्याला नीट ठरवता येईना, म्हणून त्याने गिटार उचलली. राग आला की तो वाजवायचा, भांडण झालं की घरातली भांडी त्यामुळे शाबूत राहायची. पाय पडला तो सहाव्या बटणावर. त्याने तार छेडली आणि हात तिथल्या तिथे थांबला. काय हा आवाज! गोधडीखालून कुणी बोलावं तसा. ना धार, ना उजेड. साउंडवाल्याची हौस ही! त्याने आणखी चार सूर वाजवून पाहिले, केवळ त्या माणसाला नावं ठेवता यावीत म्हणून.

"हे बघ आपल्या तज्ज्ञाने काय टाकलंय," तो म्हणाला. "मेलेला आवाज."

बायको वळली होती. तिचा हात खिडकीच्या काचेवर होता आणि काच तिने उघडली होती.

"थांबू नका," ती म्हणाली. "वाजवा."

"अगं पण..."

"वाजवा ना."

त्याने वाजवलं. जुन्या सोलोमधला तो एक लांब सूर घेतला, जो तो रिसिव्हरसमोर वाजवायचा. त्याच्या कानात तो गोधडीखालीच घुसमटत होता. पण बायको पलंगाच्या कडेवर बसली, हळूच, कुणी उठून जाऊ नये म्हणून बसावं तशी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"हा तुमचा आवाज आहे," ती म्हणाली. "एक्सचेंजमध्ये यायचा तो. किती वर्षांनी ऐकला मी."

बहाद्दरने यंत्राच्या पडद्याकडे बघितलं. सहाव्या बटणापुढे टोनचा आकडा होता चार. त्याने पहिलं बटण दाबलं. नऊ. दुसरं. नऊ. तिसरं, साडेनऊ. चौथं आणि पाचवं, नऊ. नॉब दहाच्या पुढे जात नव्हता. जुन्या पेडलवर आकडेच नव्हते. तिथे अंगठा कुठवर सरकत गेला, वर्षावर्षाला किती उजवीकडे गेला, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. बहाद्दर खाली बसला. पायाखालची वाळू सरकली म्हणतात ते काय, हे त्याला मांडी घालून बसल्या जागी कळलं.

"म्हणजे मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"येतं हो. बोललेलं येतं."

"बारीक, वरचं काही येत नाही."

ती पलंगावरून खाली त्याच्याजवळ सरकली.

"किती दिवस?"

"मी खिडकी लावायला लागले त्याला तीन वर्षं झाली." तिने त्याच्या हातातली गिटार काढून पलंगावर ठेवली. "सुरुवातीला वाटलं, नवीन काही करून बघताय. मग कळलं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर गिटार खाली ठेवली असती तुम्ही. आणि मग या घरात काय ऐकायचं मी? पंखा?"

तो तिच्यावर ओरडणार होता. त्याऐवजी त्याने तिचा हात धरला. चहावर साय धरली. बहाद्दरला फार एकटं वाटत होतं, आणि ती शेजारी असल्यामुळे ते जास्तच वाटत होतं, कारण तिच्या कानात उघड्या खिडकीतून काय काय येत असेल याचा त्याला आता अंदाज करावा लागत होता.

शुक्रवारी ती त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचेच्या पेटीत बसवून त्याला सूर ऐकवले आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. बहाद्दरने प्रामाणिकपणे दाबलं. मग बराच वेळ काहीच येईना. त्याला वाटलं तपासणी संपली. काचेपलीकडे मुलगी मात्र मान खाली घालून एकामागून एक सूर वाजवतच होती. तपासणीच्या कागदावरची रेघ डावीकडे, खालच्या सुरांपाशी, बरी चालत आली होती आणि मध्यावरून जी खाली घसरली ती वर आलीच नाही.

"गेलं ते परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. माणूस बरा होता, घाई करत नव्हता. "मोठ्या आवाजाशेजारी इतकी वर्षं उभे राहिलात. कानाचं यंत्र लावा, बोलणं स्पष्ट होईल."

"आणि गिटार?"

"ऐकू येईल. पण पूर्वी ऐकलीत तशी येईल का, ते मी सांगू शकत नाही."

शनिवारी दुपारी चार वाजता बहाद्दर हॉलमध्ये शिरला तेव्हा बायको त्याच्याबरोबर होती. ती पुढच्या टेबलापाशी, जिथून लोक उठून जात होते त्याच खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन बसली. मास्तरांनी काही विचारायच्या आत तो सरळ मागे साउंडवाल्याकडे गेला.

"सहाव्या बटणात काय टाकलंस?"

"नऊ वर्षांपूर्वी इथे केलेलं रेकॉर्डिंग होतं माझ्याकडे," साउंडवाला म्हणाला. "त्यावरून जुळवलं." तो टेबलावरच्या बटणांकडे बघत होता. "काका, तीन वर्षं मी तुमच्या गिटारचं वरचं, टोचणारं सगळं इथे कापून सोडतोय. स्पीकरमधून जातं ते ठीक जातं. पण तुमच्या ॲम्प्लिफायरमधून जे थेट पुढच्या टेबलांवर जातं, ते मी कुठून कापू?"

"तीन वर्षं?"

"चुकलं असेल तर माफ करा."

बहाद्दरला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला मिठीही मारावीशी वाटली. मध्ये टेबल असल्यामुळे दोन्ही जमण्याजोगं नव्हतं. तो म्हणाला, "चल. पाचही लावून दे."

मग ते अर्धा तास चाललं. बहाद्दर स्टेजवर उभा राहून वाजवत होता. साउंडवाला त्याच्या पायाशी बसून नॉब फिरवत होता, आणि मध्येच उठून पुढच्या टेबलापाशी जाऊन ऐकून येत होता. "अजून थोडं खाली," बायको म्हणायची. "हं, आता घशातून येतोय." बहाद्दरकडे कुणी मत विचारत नव्हतं असं नाही, साउंडवाला दर वेळी वर बघून विचारायचा, "ठीक आहे ना काका?" आणि बहाद्दर म्हणायचा, "तुम्ही सांगाल ते." त्याच्या कानात पाचही आवाज एकसारखे होते. पाच गोधड्या. गायिकेने येऊन थोडा वेळ ऐकलं आणि मास्तरांच्या कानाशी लागून काही म्हणाली. मास्तरांचा चेहरा उजळला.

"याला कुलूप घालता येतं असं पुस्तकात लिहिलंय," बहाद्दर म्हणाला. "घातलं की नॉब फिरवले तरी आवाज बदलत नाही."

"येतं. पण कशाला काका? कधी थोडं इकडेतिकडे करावंसं वाटलं तर..."

"म्हणूनच घाल."

साउंडवाल्याने दोन बटणं एकदम दाबून धरली. बीप झाली असणार, कारण बायकोने आणि मास्तरांनी दोघांनीही एकदम यंत्राकडे बघितलं.

"मग? परत करायचं नाही ना?" मास्तरांनी विचारलं. ते उत्साहात होते. मॅनेजरला काय सांगायचं ते त्यांच्या तोंडावर आत्ताच दिसत होतं. "आवडलं ना तुला?"

"चांगलं आहे," बहाद्दर म्हणाला. "मला सोयीचं आहे."

त्याने जुनं पेडल केबलमधून सोडवलं, रुमालाने पुसलं आणि गिटारच्या केसमधल्या कप्प्यात ठेवलं, जिथे तो जादा तारा ठेवायचा.

सहाला दहा मिनिटं कमी असताना वेटरांनी दिवे लावले. बहाद्दर ॲम्प्लिफायरवर बसला होता. उजवा मोजा खिशात घालायला त्याने हातात घेतला होता, तो त्याने पायात चढवला. मग ॲम्प्लिफायरशेजारचा बूट ओढला आणि त्यात खोचलेली गाण्यांची यादी काढली. डाव्या बुटाची टाच झिजून तिरकी झाली होती. उजवा अजून नव्यासारखा ताठ होता. पाय आत जायला वेळ लागला. नाडी त्याने एकदा बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. यादी कुठे ठेवावी ते त्याला सुचेना, तेव्हा साउंडवाल्याने ती घेतली आणि चिकटपट्टीने त्याच्या पायाशी जमिनीला चिकटवून दिली.

पहिलं गाणं सुरू झालं. बहाद्दरने बुटाने पहिलं बटण दाबलं. पुढची टेबलं भरलेली होती आणि कुणी उठलं नाही. एका म्हाताऱ्या जोडप्याने खुर्च्या मागे सारल्या, पण ते नाचायला उठले होते. सोलो आला. त्याने तो लांब सूर घेतला. त्याला तो दूरवरून, भिंतीआडून आल्यासारखा ऐकू येत होता. बरा चाललाय की नाही हे कळायला त्याने पहिल्या टेबलाकडे पाहिलं. बायकोचे डोळे मिटलेले होते आणि तिचा एक हात कानाशी होता, हेडफोन धरावा तसा.

सूर अर्ध्यावर आला. इथे उजेड वाढवत न्यायचा असतो. बुटाच्या आत, मोज्याच्या आत, बहाद्दरचा अंगठा उजवीकडे वळला.